जुन्या टाकीतील गंज



काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले. उद्या लोकशाहीच्या भवितव्याविषयी बोलले जाणार आहे. या दोन थोर विषयांच्या मध्ये आम्ही आमची गंजलेली टाकी घेऊन उभे आहोत, याची आम्हांला पुरती जाणीव आहे. व्याख्यानमालेच्या चिटणीसांना विषय कळवला तेव्हा त्यांनी फोनवर विचारले, "मास्तर, गंज म्हणजे समाजमनावर चढलेला ना?" आम्ही म्हटले, "नाही हो, राजदूतच्या टाकीत चढलेला." ते क्षणभर थांबले, आणि "बरं, पण तासाभरात आटपा," एवढेच म्हणाले. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, आज आम्ही ज्या गंजाविषयी बोलणार तो लोखंडाचाच गंज आहे. ज्याला कोणी तांब म्हणतात, कोणी जंग म्हणतात, तोच. त्यातून कोणाला दुसरा काही अर्थ काढावयाचा असेल तर तो त्यांनी घरी जाऊन खुशाल काढावा.

आमचे थोरले बंधू ग्रामसेवक होते. 1978 साली त्यांनी राजदूत मोटरसायकल घेतली. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना राजदूत निराळी सांगावयास नको. दूधवाले, ग्रामसेवक, पशुवैद्य आणि लग्न ठरवणारे मध्यस्थ, यांचे ते वाहन. पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावरून ती आपल्याकडे बनवली गेली, पण कृष्णाकाठच्या पाणंदींतून ती अशी काही रुळली की तिचा जन्म दुसरीकडचा असेल हे कोणाला खरे वाटू नये. दादांनी ती बत्तीस वर्षे चालवली. गुडघे गेले तेव्हा, 2010 च्या पावसाळ्याआधी, त्यांनी ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी केली, वर एक जुने घोंगडे टाकले, आणि "दिवाळीला काढू" म्हणाले. ती दिवाळी आली नाही. तीन वर्षांपूर्वी दादा गेले.

गेल्या माघात भंगारवाला दाराशी आला आणि त्याने किलोच्या भावाने किंमत सांगितली. वहिनी त्याला काही बोलल्या नाहीत. आम्हांला मात्र म्हणाल्या, "भाऊजी, द्यायची तर द्या. पण एकदा चालू करून दाखवा. न चालणारी वस्तू म्हणून ती या घरातून जायला नको." आम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. "दोन दिवसांचे काम आहे, वहिनी," असे आम्ही म्हणालो. त्या दोन दिवसांचे पुढे अडीच महिने झाले, आणि त्या अडीच महिन्यांत आम्ही जे शिकलो ते आज सांगावयाचे आहे.

इंजिनाला फारसे काही झाले नव्हते. प्लग काढून आत तेलाचे चार थेंब सोडले, एक दिवस मुरू दिले, आणि किक हलली. खरे दुखणे टाकीत होते. झाकण उघडले तो आतून व्हार्निशासारखा उग्र दर्प आला. पेट्रोल ही एकजिनसी वस्तू नव्हे. ते अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यातील हलकी द्रव्ये प्रथम उडून जातात आणि मागे चिकट, तपकिरी राळ उरते. विजेरी आत धरली तर आतली भिंत गेरूने सारवल्यासारखी दिसत होती. काडीने खरवडले तर पापुद्रे सुटून खाली पडत. असली टाकी तशीच जोडली तर हे पापुद्रे कॉकच्या जाळीत अडकतात, बारीक भुकटी जाळीतून पार होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते, आणि गाडी घाटाच्या मध्यावर बंद पडते. चढावावर, पावसात, आणि मागे बायको बसलेली असताना.

आता कोणीही विचारील की, ज्या भांड्यात आयुष्यभर पेट्रोल होते, पाणी नव्हते, त्याला गंज चढला कसा? पेट्रोलने लोखंड गंजत नाही. तेलाने तर उलट ते राखले जाते. आणि राजदूतसारख्या दोन ठोक्यांच्या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, म्हणजे टाकीला आतून तेलाचा हात फिरलेला असतोच. मग?

याचे उत्तर टाकीच्या झाकणात आहे. त्या झाकणाला एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाईल तसा वरून वारा आत यावा म्हणून ते ठेवलेले असते. ते नसते तर गाडी दोन मैल जाऊन थांबली असती. उभ्या गाडीची टाकी या भोकातून श्वास घेते. दुपारी पत्रा तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. रात्री पत्रा निवतो, हवा आकसते, आणि बाहेरची ओली हवा आत ओढली जाते. पहाटे त्या हवेतील बाष्प गार पत्र्यावर दवासारखे जमते. एका रात्रीत जमणारे पाणी थेंबभरही नसेल. पण अशा किती रात्री झाल्या याचा हिशेब करा. टाकी काठोकाठ भरलेली असती तर आत हवेला जागाच नव्हती. दादांनी गाडी उभी केली तेव्हा ती अर्धीच भरलेली होती. दिवाळीला काढायची होती ना!

हे पाणी भिंतीवरून ओघळून तळाशी जाते, कारण एक लिटर पाणी किलोभराचे तर एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास. राजदूतची टाकी गाडीच्या पाठकण्यावर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला डाव्या-उजव्या अंगाला दोन पोटे असतात. त्या पोटांच्या तळाशी, जेथे पत्र्यांचा सांधा असतो, तेथे हे पाणी वर्षानुवर्षे बसून राहते. म्हणून जुन्या टाकीत दोन ठिकाणी गंज अधिक आढळतो. एक माथ्याला, जेथे दव जमते, आणि दुसरा तळाला, जेथे ते साचते. मधला पट्टा पुष्कळदा बरा असतो.

आणि गंजाचा स्वभाव असा की तो लोखंडाला धरून राहत नाही. ॲल्युमिनियमवरही हवेने पापुद्रा येतो, पण तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज फुगतो, भुसभुशीत होतो, सुटतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवापाण्यापुढे उघडे पाडतो. आम्ही पुढे आमच्या टाकीतून निघालेला गंज वाळवून तोलला. तो दोनशे दहा ग्रॅम भरला. 112 ग्रॅम लोखंडाला 48 ग्रॅम प्राणवायू मिळाला की 160 ग्रॅम कोरडे ऑक्साइड होते. गंजात मुरलेले पाणीही हिशेबात धरले तरी सव्वाशे ग्रॅमच्या वर पत्रा आम्ही पुडीत बांधून हातात धरला होता. गंज काढता येतो. तो खाऊन बसला ते लोखंड परत येत नाही. हे साधे गणित आम्ही तेहतीस वर्षे मुलांना फळ्यावर घालून दिले, आणि स्वतःच्या वेळी विसरलो.

कसे विसरलो ते सांगतो, कारण आमच्या मूर्खपणाचा उपयोग झाला तर तो आपल्यालाच होईल. पुतण्या शनिवारी पुण्याहून यावयाचा होता, आणि तोपर्यंत गाडी सुरू करून दाखवावी अशी हौस मनात आली. दुकानात संडास धुण्याचे ॲसिड मिळते. ते म्हणजे पाणी मिसळलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड. दोन बाटल्या टाकीत ओतल्या, पाणी घातले, आणि रात्रभर ठेवले. सकाळी ओतून पाहिले तर आत चांदी! आम्ही वहिनींना हाक मारून विजेरीने दाखवले. पाण्याने दोनदा धुतली, उन्हात ठेवली आणि जेवायला गेलो. जेवून, थोडे लवंडून येईतो टाकी आतून हळदीसारखी पिवळी, आणि चहाच्या वेळेस पुन्हा केशरी. आठ दिवसांनी तर डाव्या पोटाच्या तळाशी ओल दिसू लागली. पेट्रोल थेंबथेंब गळत होते.

झाले होते असे. हे ॲसिड गंज खाते तसे लोखंडही खाते. गंज संपला की ते थांबत नाही. थांबवणारा जागा असावा लागतो, आणि आम्ही घोरत होतो. दुसरे असे की, ते आपले क्लोराइड सांध्यांच्या फटींत ठेवून जाते आणि मिठासारखे ते पुन्हा गंजाला बोलावते. तिसरी गोष्ट मात्र ॲसिडाच्या माथी मारता येणार नाही. तळाला भोके आधीपासूनच पडलेली होती. गंजानेच ती बुजवून धरली होती. पुष्कळ जुन्या टाक्या गळत नाहीत त्या केवळ गंजाच्या आधारावर, आणि साफ केल्या की त्यांचे खरे वय कळते. आतल्या अंगाला हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने ही तयारी ठेवावी.

वहिनी एवढेच म्हणाल्या, "दुसरी टाकी मिळते का बाजारात?" मिळते. जुन्या बाजारात शोधली तर राजदूतची टाकी अजून मिळते. पण त्या टाकीच्या उजव्या अंगाला दादांच्या दप्तराच्या पिशवीच्या बकलाने पडलेले ओरखडे आहेत, बत्तीस वर्षांचे. वहिनींनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवले ते आम्ही पाहिले, आणि दुसऱ्या टाकीचा विषय तेथेच संपला.

मग आम्ही टाकी काखोटीला मारून वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. म्हटले, "चार टाके मारून द्या." त्यांनी टाकी हातात घेतली नाही. दुरूनच विचारले, "मास्तर, आत काय हाय?" आम्ही म्हटले, "काही नाही. रिकामी आहे. काल रात्रीच ओतून टाकली." ते म्हणाले, "रिकामी हाय म्हणूनच भ्या वाटतंय. भरलेली आनली असती तर येवढं वाटलं नसतं."

श्रोतेहो, मिस्त्रींचे शिक्षण सातवीपर्यंतचे. आम्ही त्यांच्या मुलाला ज्वलनाचा धडा शिकवलेला. आणि त्या एका वाक्यात त्यांनी आमचा धडा आम्हांलाच म्हणून दाखवला. द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी बेताने मिसळली तरच. हवेत शंभरांत साधारण दीड ते साडेसात भाग वाफ असेल तर ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या बंद टाकीत, पेट्रोलच्या वर जी जागा असते, तेथे एरवी वाफ इतकी दाट असते की तिला जळायला हवा पुरत नाही. तोंडाशी ती पेटेल, पण आत भडकणार नाही. टाकी ओतून रिकामी केली की हवा आत येते, तळाशी आणि सांध्यांत राहिलेले पेट्रोल उडू लागते, आणि मिश्रण नेमके त्या घातक बेतावर येते. आम्ही नंतर हिशेब केला. आमच्या टाकीएवढ्या भांड्याला चहाचा अर्धा चमचा पेट्रोल पुरेसे आहे. गंजाच्या पापुद्र्यांखाली त्याहून जास्त सहज लपून राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती आपण होऊन वर निघूनही जात नाही. पाण्याने एकदा विसळले, वास येत नाही, म्हणजे निर्धोक झाले असे मुळीच नव्हे. मिस्त्रींच्या उस्तादांनी असाच एक "रिकामा" पिंप झाळायला घेतला होता. उस्ताद वाचले. एक कान गेला, आणि पिंपाचा तळ समोरच्या पिंपळात रुतला होता म्हणे.

मिस्त्रींनी मग काय केले? गरम साबणाच्या पाण्याने टाकी तीनदा धुवायला लावली. मग ती उलटी करून, भोके वर येतील अशा बेताने पाण्याने भरली. आत हवेला जागा राहिली ती भोकांच्या खाली बोटभरच. ज्योत टाकीजवळ आणलीच नाही. तांब्याचे टोक असलेले हत्यार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शेगडीत तापवायचे, आणि येथे आणून कथलाचा डाख द्यायचा. एकूण पाच भोके बुजवली. पैसे विचारले तर म्हणाले, "डाखाचं द्या. शिकवन्याचं नको, ते आमी बी तुमच्याकडनंच घेतलंय."

डाख देताना ते सहज म्हणाले, "मास्तर, कल्हईवाला कसा करतोय बगा. घासून झालं की थांबतोय का तो?" आम्ही घरी येईपर्यंत हेच वाक्य घोळवत होतो.

येथे बसलेल्या वडील मंडळींनी कल्हईवाला पाहिलेला आहे. आमच्या आजीच्या तोंडी दूध तापवण्याच्या उभ्या भांड्यालाही गंज हाच शब्द होता, आणि त्या गंजाला कल्हई करायला तो दर चार-सहा महिन्यांनी दारात येई. भांडे भट्टीवर तापवायचा, कापसाच्या बोळ्याने नवसागराची पूड फिरवायचा, आणि पांढरा धूर निघाला रे निघाला की त्याच दमात कथील लावून पुसून काढायचा. नवसागर भांड्यावरचे ऑक्साइड साफ करतो, पण साफ झालेला तापलेला धातू पुन्हा हवेला लागता कामा नये. म्हणून साफ करणे आणि झाकणे ही त्याची दोन कामे नव्हतीच. एकच होते. आम्ही त्यातले अर्धे केले, आणि जेवायला गेलो.

नवलाची गोष्ट अशी की, मोटारींच्या टाक्यांना पूर्वी अक्षरशः कल्हईच असे. पोलादी पत्रा कथील मिसळलेल्या शिशात बुडवून काढीत, आणि त्या पत्र्याच्या टाक्या बनवीत. स्वयंपाकाच्या भांड्याला शिसे लावणे म्हणजे विष कालवणे. पेट्रोलला त्याचे काय! म्हणजे मिस्त्री बोलले ते उपमेदाखल नव्हते.

तेव्हा दुसऱ्या खेपेस आम्ही घाई केली नाही. बाहेरचा रंग आणि ते ओरखडे राखावयाचे म्हणून प्रथम टाकीवर बाहेरून मेणाचा जाड हात दिला. मग आतला सुटा गंज पाडण्यासाठी पंचवीस नट आत टाकले, टाकी गोधडीत गुंडाळली, आणि पुतण्याने आणि आम्ही ती झोळीतल्या पोरासारखी हलवली. काही लोक टाकी ट्रॅक्टरच्या उचललेल्या चाकाला बांधून तासभर फिरवतात असे ऐकतो. त्यांच्या पत्र्याची ताकद मोठी असली पाहिजे. आमची सोसली नसती. नट मोजून घालावेत आणि मोजून काढावेत. आम्ही पंचवीस घातले, चोवीस निघाले. लोहचुंबक दोरीला बांधून फिरवले, टाकी उलटी करून बडवली. शेवटी मोजण्यात आमचीच चूक झाली असेल असे ठरवले.

मग वीज. हे काम आम्हांला सर्वांत आवडले, आणि आमच्या मते जुन्या पातळ पत्र्याला याच्याइतका सौम्य उपाय दुसरा नाही. टाकी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरावी, लिटरला एक मोठा चमचा. झाकणाच्या तोंडातून लोखंडाची एक सळई आत सोडावी, पण तिला लाकडाची किंवा रबराची गुडदी बसवावी, म्हणजे ती टाकीला कोठेही टेकणार नाही. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार सळईला. उलट जोडली तर टाकीच विरघळू लागेल. ही चूक एकदाच करता येते. वीज सुरू झाली की टाकीच्या भिंतीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, गंजाचे काळ्या भुसभुशीत थरात रूपांतर होते, आणि तो बोटाने पुसता येतो. पाहणाऱ्याला वाटते की गंज टाकीतून उठून सळईवर गेला, कारण सळई केशरी चिखलाने माखून निघते. वस्तुतः सळई आपली आपणच झिजत असते. मोठेपणाची गोष्ट अशी की, येथे चांगले लोखंड खाल्ले जात नाही. रात्रभर विसरून झोपलो तरी टाकीचे काही बिघडत नाही. आमच्यासारख्यांना असाच उपाय हवा.

दोन-तीन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाळाव्यात. निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर, आणि तारा काढण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून. सोड्याऐवजी मीठ घालू नये, त्याने क्लोरिन वायू निघतो. आणि सळई साधीच हवी, स्टेनलेस स्टीलची नको. त्यातील क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होते, आणि ते पाणी मग कोठे ओतणार?

विजेलाही एक मर्यादा आहे. सळईच्या समोर जेवढी भिंत येते तेवढी ती चांगली साफ करते. खोगिराच्या पोटांत, वळणाच्या आड, तिचा हात पुरत नाही. आम्ही सळई वाकवून एक दिवस डावीकडे आणि एक दिवस उजवीकडे ठेवली, तरी कोपरे राहिलेच. त्यांच्यासाठी सायट्रिक ॲसिड घेतले, ज्याला आमचा वाणी लिंबूसत्त्व म्हणतो. किलोभर पूड, बादलीभर कोमट पाणी, आणि दर दोन तासांनी विजेरी घेऊन पाहणे. चिंचेने तांब्याचा हंडा घासतात त्यातलेच हे शास्त्र. तेही लोखंडाला लागतेच, पण सावकाश, आणि क्लोराइड मागे ठेवीत नाही. चौदा तासांनी कोपऱ्यात राखाडी पत्रा दिसू लागला.

आणि आता कल्हईवाल्याचा दम. आधी सगळी सिद्धता मांडून ठेवली. गरम सोड्याचे पाणी, कोरडे फडके, वारा फुंकणारे यंत्र, आणि अर्धा लिटर पेट्रोलमध्ये दोन पळ्या इंजिनाचे तेल. आंबट पाणी ओतले, लगेच सोड्याचे कढत पाणी आत. त्याने उरलेले आम्ल मरते, आणि क्षारयुक्त पाण्यात लोखंडाला चटकन गंज चढत नाही, तेवढी उसंत मिळते. ते ओतले, तापलेला पत्रा यंत्राच्या वाऱ्याने पाच-सात मिनिटांत कोरडा झाला, यंत्र बंद करून दूर नेले, आणि तेलपेट्रोल आत घालून टाकी सर्व अंगांनी लोळवली. आंबट पाणी ओतल्यापासून हे सारे वीस मिनिटांत झाले असेल. अडीच महिन्यांचे यश या वीस मिनिटांत होते. त्या वेळी दारावर कोण आले, फोन कोणाचा वाजला, हे आम्हांला ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, फॉस्फोरिक ॲसिड का नाही? प्रश्न योग्य आहे. ते गंज काढते, आणि जाताजाता लोखंडावर आयर्न फॉस्फेटचा एक पातळ थर देऊन जाते. त्याचा सर्वांत मोठा दाखला दिल्लीस कुतुबमिनाराच्या आवारात उभा आहे. सोळाशे वर्षांचा, सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड असा तो लोहस्तंभ. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी 2000 च्या सुमारास दाखवून दिले की, त्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादाहून पुष्कळ अधिक आहे, आणि त्यापासून पृष्ठभागावर फॉस्फेटचा घट्ट पापुद्रा तयार झाला आहे. लोक त्या स्तंभाला पाठीमागून कवळ घालून नशीब अजमावीत. अंगांच्या घर्षणाने तेवढा भाग घासला जाऊ लागला म्हणून 1997 साली भोवती कठडा घातला. पापुद्रा किती मोलाचा असतो ते त्यावरून कळावे. जाड पत्र्याची टाकी असेल तर फॉस्फोरिक ॲसिड जरूर वापरावे. आमच्या टाकीचा पत्रा ठोकून पाहिला तर बिस्किटाच्या डब्यासारखा वाजत होता, म्हणून आम्ही धजलो नाही.

आतून लावायचे लुकणही बाजारात मिळते. त्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. पत्रा पूर्ण कोरडा आणि तेलरहित असेल तरच ते धरते. नाहीतर वर्षभरात त्याची सालपटे सुटतात आणि गंजाच्या पापुद्र्यांऐवजी ती कॉकमध्ये अडकतात. शिवाय आजच्या पेट्रोलातील इथेनॉल त्याला सोसते की नाही ते आधी पाहावे लागते.

इथेनॉलचे नाव निघालेच आहे तर तेही सांगितले पाहिजे. 2022 साली देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, 2023 पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपावर मिळू लागले, आणि 2025 साली हे वीस टक्के सर्वत्र झाले. त्यातले बरेच इथेनॉल आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून येते. त्यावर आमच्या भागातील अनेकांच्या घरचे बिल अवलंबून आहे, तेव्हा इथेनॉलला शिव्या देणे कृष्णाकाठच्या माणसाला शोभणार नाही. पण वस्तुस्थिती अशी आहे की इथेनॉल पाण्याला ओढते. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही. इथेनॉल असले की थोडे मिसळते आणि इंजिनातून निघूनही जाते. रोज चालणाऱ्या गाडीला हे बरेच म्हणायचे. उभ्या गाडीत मात्र पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी जाऊन बसतात, त्याच पोटांत, त्याच सांध्यांवर. म्हणून ज्यांच्या दारी जुनी लोखंडी टाकीची गाडी असेल त्यांना आमचे सांगणे की, पावसाळ्याआधी तिचे काय ते ठरवावे. चालवणार असाल तर आठवड्याला चालवा. ठेवणार असाल तर टाकी पुरती रिकामी करून, सुकवून, आतून तेलाचा हात देऊन ठेवा. अर्धी भरलेली ठेवू नका. आणि काढलेले जुने पेट्रोल गटारात ओतू नका. गटाराच्या कडेला कोणीतरी विडी ओढत बसलेले असते.

टाकी पाडव्याच्या आदल्या दिवशी बसवली. नवा कॉक, नवी नळी, आणि जेटच्या आधी एक बारीक जाळी. पुतण्याने किक मारायला घेतली. आठ किका फुकट गेल्या, नवव्या किकेला ती बोलली. पडवीभर निळा धूर झाला, गोठ्यातली म्हैस दाव्याला ओढू लागली. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आवाज त्यांच्याच गाडीचा आहे. पण भाऊजी, मधेच ते खडखड काय वाजतंय? तसं आधी वाजत नसे."

आम्ही पुतण्याकडे पाहिले, पुतण्याने आमच्याकडे पाहिले. तो पंचविसावा नट होता.